फळ्या मोजल्यात, भार कोण मोजणार?

आमचा डेक वाढवून देणारे कंत्राटदार महाशय,

शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी घरांत तुमचं नाव झपाट्यानं फिरतं. ‘आपला माणूस आहे, परमिटची कटकट नाही, चार दिवसांत काम मोकळं,’ अशी तुमची जाहिरात लोक फुकटात करतात. त्याच लोकांनी वाचावं म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

आधी तुमचं श्रेय तुम्हाला. फळ्यांमधली फट एकसारखी आहे, कडा सफाईदार आहेत, रंग जुन्या भागाशी जुळला आहे. थोडक्यात, गिऱ्हाईक पैसे देताना जे बघतं ते तुम्हाला उत्तम जमतं. माझी तक्रार फळ्यांच्या खालची आहे.

जमिनीपासून सुरुवात करू. शिकागो परिसरात खांबाचा पाया 42 इंच खोल न्यावा लागतो, कारण हिवाळ्यात माती तिथवर गोठेल असं धरलं जातं. गोठणारी माती खालचं पाणी वर ओढते, त्या पाण्याचे बर्फाचे थर जमतात आणि ते डोक्यावरचं काँक्रीट उचलतात. तुम्ही 18 इंचांवर थांबलात. हिवाळा सरता सरता तुमचे नवे खांब वर आले, जुने जागच्या जागी राहिले आणि दोन्ही भागांच्या सांध्यावर पाऊण इंचाची पायरी पडली. फोन केला तर म्हणालात, “लाकूड आहे, थोडं हलणारच.” लाकूड बिचारं हललं नाही, महाशय. तुम्ही न खणलेले 24 इंच हलले.

आता भाराचा हिशेब. जुना डेक 12 फूट रुंद आणि घरापासून 12 फूट बाहेर. एका अंगाला भिंतीला बोल्टनं आवळलेला लेजर बोर्ड, दुसऱ्या अंगाला तुळई, आणि तुळईखाली सहा-सहा फुटांवर तीन खांब. तुम्ही त्यापुढे आणखी 10 फूट बांधलेत आणि नव्या जॉइस्टची, म्हणजे फळ्यांखालच्या वाशांची, आतली टोकं त्याच जुन्या तुळईला टांगलीत.

डेकवर दर चौरस फुटाला माणसा-सामानाचे 40 पौंड आणि डेकच्या स्वतःच्या वजनाचे 10, असे 50 पौंड धरायचे असतात. मधला खांब पूर्वी 6 बाय 6, म्हणजे 36 चौरस फुटांचा भार घ्यायचा: 1,800 पौंड. आता त्याच खांबावर नव्या भागाचे अर्धे जॉइस्टही आले. 6 बाय 11, म्हणजे 66 चौरस फूट: 3,300 पौंड. त्याखालचा जुना पाया 16 इंच व्यासाचा, सुमारे 1.4 चौरस फुटांचा. मातीची तपासणी केलेली नसेल तर ती दर चौरस फुटाला 1,500 पौंड पेलते असं धरतात. म्हणजे पायाची ताकद जेमतेम 2,100. पाचवीतल्या मुलाला जमणारा हा गुणाकार तुम्ही केलाच नाहीत, आणि वर मला सांगितलंत, “जुना पाया दणकट आहे, त्याला हात लावायची गरज नाही.” दणकट होता, त्याच्या वाट्याच्या भाराला. तुमच्या वाट्याचा भार त्याच्यावर ढकलायला त्याची परवानगी कोणी घेतली?

मार्ग दोन होते. जुने पाये काढून 22 इंच व्यासाचे ओतायचे आणि तुळईही नव्या भारासाठी तपासायची. नाहीतर जुन्या तुळईला अजिबात न टेकता नव्या भागाला दोन्ही बाजूंनी स्वतःची तुळई आणि स्वतःचे खांब द्यायचे. दोन्हींत खर्च आहे आणि खणायचे कष्ट आहेत. तुम्ही तिसरा मार्ग शोधलात, ज्यात खर्च तुमचा वाचला आणि धोका आमच्याकडे आला.

जॉइस्ट तुळईला टांगणाऱ्या धातूच्या हँगरांचंही तेच. त्यांच्या भोकांत त्यांच्यासाठीचे जाड खिळे मारायचे असतात, आणि उत्पादकानं सांगितलेली सगळी भोकं भरायची असतात. तुम्ही फळ्यांचे उरलेले स्क्रू वापरलेत आणि निम्मी भोकं रिकामी सोडलीत. तो स्क्रू फळी दाबून धरायला चांगला. आडव्या भाराखाली तो वाकत नाही, तुटतो. शिवाय प्रेशर-ट्रीटेड लाकडातलं तांबं साध्या पोलादाला खातं, म्हणून तिथे जाड जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेसचेच खिळे लागतात.

तुम्ही याच शहरात धंदा करता, म्हणून आठवण करून देतो. 29 जून 2003 रोजी शिकागोच्या लिंकन पार्क भागात एका इमारतीचे मागचे लाकडी सज्जे पार्टी चालू असताना मजल्यावर मजले कोसळले. तेरा तरुण जीव गेले. आमचा डेक जमिनीपासून आठ फूट उंच आहे. गणपतीत आरतीनंतर माणसं प्रसादाच्या वाट्या घेऊन त्याच्यावरच येतात, म्हाताऱ्या आजी आणि धावणारी पोरं एकाच वेळी. त्यांतलं कुणीही खाली वाकून खिळे मोजणार नाही. त्यांच्या वतीनं मोजायचे पैसे तुम्ही घेतले होतेत.

आणि परमिटची ती ‘कटकट’ म्हणजे काय, हेही सांगतो. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर खड्ड्याची खोली बघतो, आणि सांगाडा झाकला जाण्याआधी सांगाडा बघतो. तुम्ही ज्या दोन ठिकाणी चोरी केलीत, नेमकी तीच दोन ठिकाणं. परमिट टाळून आमचा वेळ वाचवला असं यापुढे कोणाला सांगू नका. वाचलात ते तुम्ही.

आता काय करायचं ते ऐका. नव्या भागावर आजपासून कोणी पाऊल ठेवणार नाही. तुम्ही फळ्या उचला, जुन्या तुळईवरचा भार काढा, नकाशा काढून परमिटचा अर्ज करा. 811 ला फोन करून जमिनीतल्या गॅसच्या आणि विजेच्या लाइनी आखून घ्या. मग खणा, 42 इंच, आणि तिथे थांबा. इन्स्पेक्टर येईल, टेप लावेल, हो म्हणेल. काँक्रीट त्यानंतर.