पाच फूट चार इंचांची गुंतवणूक

सॅम्पल फ्लॅटमधला पलंग पाच फूट चार इंच लांब होता. अंदाज नव्हे, टेप लावून मोजलेला आकडा आहे. बाजारात गादी ७२, ७५ नाहीतर ७८ इंचांची मिळते. ६४ इंचांची डबल गादी मागितलीत तर दुकानदार तुमच्याकडे काळजीने बघेल. म्हणजे कुणीतरी सुताराला बोलावून हा आकडा कागदावर लिहून दिला असणार. सुतार म्हणाला असणार, ‘साहेब, आखूड होईल.’ साहेब म्हणाले असणार, ‘तेच पाहिजे.’

प्रकल्पाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. बदलापूर सोडलं की वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, कर्जत, कुठेही उतरा. कमान तीच, दोन बाजूंचे पाम तेच, गेटवर सलाम ठोकणारा पोरगा तोच. ठाण्याहून एसी गाडीने फुकट नेतात, वाटेत वडापाव देतात आणि याला ‘साइट व्हिजिट’ म्हणतात. नेतात ते रविवारी, रस्ता मोकळा असताना. सोमवारी सकाळी लोकलने नेलेलं अजून कुणी ऐकलेलं नाही.

आमचे मेहुणे सहा फुटी. मुलुंडला त्यांचं स्वतःचं घर आहे, त्यामुळे घराची गरज नाही, आणि ज्याला गरज नाही त्यालाच घर विकायचं हे या धंद्याचं पहिलं सूत्र. मी पलंगाकडे बोट दाखवलं तर म्हणाले, ‘भावजी, इथे झोपायचंय कुणाला? गुंतवणूक आहे ही.’ आणि टेकले. सेल्सची मुलगी धावतच आली. ‘सर, बेडवर नको, प्लीज.’ तोवर खालून प्लायवूड कुरकुरलं होतं. पलंग आतून पोकळ होता.

पलंगाची कुंडली कळल्यावर बाकीचे ग्रहही दिसू लागले. एकाही खोलीला दार नव्हतं. दार असलं की ते उघडतं, उघडलं की पलंगाला आपटतं, म्हणून बिजागरीसकट गायब. कपाट नव्हतं. त्या जागी भिंतभर आरसा, म्हणजे दहा फुटांची खोली वीस फुटांची. टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं. फळीवर पुस्तकांच्या नुसत्या पाठी, आत पुठ्ठा. टीव्ही म्हणजे टीव्हीचा फोटो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन उंच ग्लास आणि कुंडीतली तुळस नव्हे, कुठलंसं विलायती गवत. सिलिंडर कुठे ठेवायचा असं विचारलं तर मुलगी म्हणाली, ‘पाइप्ड गॅस येणारे, सर.’ कधी, ते तिला सांगितलेलं नव्हतं.

आता कायद्याचं बोलू. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया म्हणजे काय ते ठरवून दिलं. बाहेरच्या भिंती वगळायच्या, बाल्कनी वगळायची, पण खोल्याखोल्यांमधल्या भिंतींची जाडी मात्र मोजायची. म्हणजे हॉल आणि बेडरूम यांच्यामधली भिंत तुम्ही चौरस फुटाच्या भावाने विकत घेता. सॅम्पलमध्ये त्या भिंतीच्या जागी काच होती. भिंतीचे पैसे घ्यायचे आणि दाखवायची काच, हा हिशोब ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार. त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये नमुन्याच्या सदनिकेचा चक्क उल्लेख आहे. ती पाहून पैसे भरले आणि त्यातल्या चुकीच्या किंवा खोट्या विधानामुळे नुकसान झालं, तर भरपाई मिळते. म्हणजे कायदा करणाऱ्यांपैकी कुणीतरी अशा पलंगावर एकदा आडवा झाला असावा. पण पेच असा, की पलंग विधान करत नाही. पलंगाला साक्षीला उभं केलंत तर तो एवढंच म्हणेल, ‘मी पलंग आहे असं मी कधी म्हणालो?’ शिवाय दाराशी, म्हणजे दार असायला हवं होतं तिथे, चष्मा लावून वाचावी अशा अक्षरांत पाटी होती: आतील सामान केवळ कल्पना देण्यासाठी. कल्पना दिली, आम्ही घेतली. व्यवहार पूर्ण.

मग हा फ्लॅट बांधला कुणासाठी? पलंगापासून उलटं मोजत गेलं की ते कुटुंब डोळ्यांसमोर येतं. नवरा पाच फूट एक इंच, बायको त्याहून बेताची, दोघंही रात्रभर कूस न बदलणारी. कपाट नाही, त्याअर्थी अंगावरचे कपडे एवढेच कपडे. रजया, जुन्या पैठण्या, लग्नातली न वापरलेली भांडी, बंद पडलेला पण टाकवत नाही असा मिक्सर, यातलं काही या घराण्यात कधी जमलंच नाही. दार नाही, त्याअर्थी भांडण नाही, परीक्षेचा अभ्यास नाही, आजारपण नाही आणि पोटाची तक्रार तर मुळीच नाही. मुलांच्या खोलीत भिंतीवर रॉकेट आहे, पण दप्तर ठेवायला जागा नाही, तेव्हा मूल थेट अंतराळात शिकत असणार. आजी-आजोबा नाहीत. त्यांची सोय खाली ‘सीनियर सिटिझन झोन’मध्ये, म्हणजे दोन बाकांवर केली आहे. गणपतीत चिपळूणहून सातजण येत नाहीत. फळं प्लास्टिकची, म्हणून कुणी जेवत नाही. जेवत नाही म्हणून भांडी नाहीत. भांडी नाहीत म्हणून पाणी लागत नाही. पाणी लागत नाही म्हणून टँकर लागत नाही. सोसायटीच्या सभेत हे कुटुंब तोंड उघडत नाही. लिफ्ट बंद पडली तरी फोन करत नाही. गळतीचे फोटो काढून ग्रुपवर टाकत नाही. हप्ता वेळेवर भरतं आणि दिसत नाही. वाचकहो, हसू नका, बिल्डरला जन्मभर हेच गिऱ्हाईक हवं होतं आणि ते त्याला मिळालंही आहे. त्याला गुंतवणूकदार म्हणतात.

गुंतवणूकदाराचं गणितही पलंगाच्याच मापाचं असतं. समजा, ३५ लाखांचा वन बीएचके घेतला, २८ लाख कर्ज काढलं, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता बसतो महिना २४ हजारांच्या वर. भाडं समजा आलं नऊ हजार. त्यातले दोन हजार मेंटेनन्सला गेले की हातात सात. म्हणजे दरमहा सतरा हजार खिशातून घालायचे, आणि याला आमचे मेहुणे ‘पॅसिव्ह इन्कम’ म्हणतात. हे त्यांच्यापुढे मांडलं तर म्हणाले, ‘भाड्यासाठी कोण घेतं? पाच वर्षांत डबल होतंय.’ पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास पंधरा टक्के, तेही चक्रवाढीने. विमानतळ झालं, पनवेल-कर्जत लोकल येतेय, अमुक कॉरिडॉर तमुक ठिकाणी उतरतोय, हे सगळं खरं धरू. पण पाच वर्षांनी दुप्पट पैसे मोजणार कोण? ज्याचा पगार पाच वर्षांत दुप्पट होत नाही, तो. आणि तो तर आजच्याच भावाला घाबरून डोंबिवलीत भाड्याने राहतोय. मग उरतो दुसरा गुंतवणूकदार. त्यालाही झोपायचं नाही. तो तिसऱ्याला विकणार, त्यालाही झोपायचं नाही. असा हा पाच फूट चार इंचांचा पलंग न झोपलेल्या माणसांच्या हातातून फिरत राहणार आणि प्रत्येक हातात दोन-चार लाखांनी महाग होणार.

दिवेलागणीनंतर या प्रकल्पांखाली उभं राहून वर बघा. वीस मजल्यांत किती दिवे लागलेत ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरतात. ताबा मिळून वर्षं झाली तरी खिडकीच्या काचेवरची निळी फिल्म निघालेली नाही, कोपऱ्यात तिचं टोक सुटून वाऱ्यावर फडफडतंय. आत नळ कोरडे, फरशीवर सिमेंटचे डाग. आणि याच इमारतीपासून हाकेच्या अंतरावर, चाळीतल्या एका खोलीत, सहाजणं झोपतात. आडवीतिडवी झोपतात, पण पाय लांब करून झोपतात.

इथे मात्र माझा तोल जातो. कर्जत सीएसएमटीपासून शंभर किलोमीटर, बदलापूर अडुसष्ट. ज्याला इथे खरोखर राहायचंय, त्या नर्सला, कुरिअरवाल्याला, पेढीवरच्या कारकुनाला अंधारात उठून लोकल गाठायची असते आणि रात्री साडेनऊला परत यायचं असतं. त्याची अर्धी झोप गाडीत होते, तीही उभ्याने, दुसऱ्याच्या खांद्यावर. उरलेल्या पाच तासांसाठी त्याला सव्वासहा फुटांचा पलंग हवा आहे. स्विमिंग पूल नको, ‘योगा डेक’ नको, कमानीवरचे ग्रीक घोडे नकोत. पण त्याला भाव परवडत नाही, कारण भाव ठरवला आहे तो ज्याला इथे कधी झोपायचंच नाही त्याने. घर बांधणारा घरात राहणार नाही, घेणारा राहणार नाही, कर्ज देणारा तर नाहीच नाही. मग खोलीची लांबी कुणाच्या पायांवरून ठरणार?

आणि ती ड्राय बाल्कनी! नाव ड्राय, आकार दोन बाय चार, त्यात वॉशिंग मशीन उभं केलं की माणूस आत जाऊ शकत नाही आणि मशीन बाहेर येऊ शकत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी आषाढ-श्रावणात पाऊस दहा-दहा दिवस हटत नाही. इथे चारजणांचे कपडे वाळवायचे कुठे, हा प्रश्न एकाही आर्किटेक्टला एकाही ड्रॉइंगवर पडलेला मी पाहिलेला नाही. त्यांच्या आयुष्यात ओली चड्डी येतच नाही का? ब्रोशरमध्ये मात्र ‘रिव्हर व्ह्यू’ असतो. २००५ च्या जुलैत उल्हास नदीने तो व्ह्यू लोकांच्या घरात आणून दाखवला. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मधे अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस हजारेक प्रवाशांसह पाण्यात उभी होती. पूररेषा कुठे आहे असं सेल्सच्या मुलीला विचारलं, तर तिने स्विमिंग पूलचं थ्रीडी चित्र दाखवलं. एक मान्य करतो, सॅम्पलमधला पलंग पोकळ असल्यामुळे तो तरंगला असता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सॅम्पल फ्लॅट दाखवायचा तर राहता दाखवा. एक लोखंडी कपाट, तेही भरलेलं. एक सिलिंडर, एक मिक्सर, पिठाचा डबा, दोन दप्तरं, दोरीवर ओले टॉवेल आणि हॉलमध्ये पाय पसरून टीव्ही बघणारी एक सासू. दारं लावलेली, काचेच्या जागी भिंत, आणि पलंगावर सेल्स मॅनेजर स्वतः झोपलेला, पहाटेच्या लोकलचा गजर लावून. एवढं बघूनही ज्याला गुंतवणूक करावीशी वाटेल त्याने खुशाल करावी.

ही मागणी कुणी मान्य करणार नाही, हे उघड आहे. तोवर खरेदीला जाताना खिशात टेप ठेवा. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, असं तोच कायदा कलम १३ मध्ये सांगतो. तेव्हा चेकबुक नंतर काढा, आधी टेप काढा आणि ‘जरा मोजू का?’ असं नम्रपणे विचारा. ‘सर, अलाउड नाही’ असं उत्तर आलं, तर वाटेतला वडापाव खाऊन घरी या. दहा टक्के वाचले.