गावात हवा करायची तर

पैनगंगेकाठच्या देऊळघाटात कुणी म्हणालं की गाडीला किट बसवलं, तर ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा विचार येतच नाही. किट म्हणजे गॅसचं, आणि पुढचा प्रश्न 'एव्हरेज काय देते?' हाच. त्यावर 'गॅसचं नाही भाऊ, सुपरचार्जरचं' असं उत्तर आलं, तर विचारणारा गाडीकडे न बघता माणसाकडे बघेल आणि वऱ्हाडात भल्याभल्यांना पुरून उरलेला प्रश्न टाकेल: 'कायले?' माझा त्या 'कायले'ला पूर्ण पाठिंबा आहे, पण किटशीही माझं वैर नाही. माझं म्हणणं एवढंच, की सुपरचार्जरचं किट निवडायचं तर खोक्यातल्या वस्तूकडे सगळ्यात शेवटी बघावं. आधी पंपावरचं पेट्रोल बघावं, मग आरटीओ, मग गाडीची हाडं, मग समोरचा रस्ता. हौशी माणूस नेमका उलट्या टोकाकडून शिरतो. तो आधी चकाकत्या ॲल्युमिनियमच्या फोटोवर भाळतो, आणि बाकीचे चौघे त्याला नंतर एकेक करून भेटतात, दर भेटीला पैसे घेऊन.

यंत्र तसं सरळ आहे. साधं इंजिन आपल्या दमावर हवा ओढतं, म्हणजे वातावरण जेवढी ढकलेल तेवढीच. समुद्रसपाटीला हा दाब १४.७ पीएसआय. सुपरचार्जर क्रँकच्या पट्ट्यावर फिरतो आणि त्यावर आणखी सहा-सात पीएसआय हवा कोंबतो; या जादा दाबालाच बूस्ट म्हणतात. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, आणि पेट्रोल जास्त म्हणून ताकद जास्त. टर्बो हेच काम सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर करतो, सुपरचार्जर मात्र इंजिनाचीच ताकद खाऊन इंजिनाला ताकद देतो. एखाद्याने पतसंस्थेतून कर्ज काढून त्याच पतसंस्थेत ठेव ठेवावी आणि तरीही नफ्यात राहावं, असा हा व्यवहार आहे, आणि खरोखर तो नफ्यात राहतो. शिवाय याची कुळकथा आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. इंडियानातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या ब्लोअरचं पेटंट घेतलं तेव्हा त्यांच्यासमोर मोटार नव्हती, लोकरीच्या गिरणीची पाणचक्की होती. पुढे हाच ब्लोअर भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवू लागला. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांना तर तो मुळातच लागायचा, कारण त्याशिवाय सिलिंडरमधला धूर बाहेर पडत नसे. अमेरिकेतल्या हौशी पोरांनी बस-ट्रकांच्या त्या इंजिनांवरचे ब्लोअर उतरवले आणि आपल्या पेट्रोल गाड्यांवर चढवले. आज हजारो डॉलरला मिळणाऱ्या किटचा हा मूळपुरुष शुद्ध जुगाड होता. तेव्हा मेहकर-चिखलीच्या मिस्त्रीने 'आपल्याकडेही जमेल' म्हटलं, तर त्याला हसायचं कारण नाही. अडचण जमण्याची नाहीच, जमल्यानंतरची आहे.

पहिला भेटतो पेट्रोल पंप. हवा दाबली की तापते, आणि तापलेल्या मिश्रणात पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायची वाट न बघता आपणहून पेट घेतं. मिस्त्री म्हणतो इंजिन नॉक करतंय. पिस्टनला मात्र ते हातोड्यासारखं लागतं. म्हणून किटच्या पत्रकात तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की कमीत कमी ९१ ऑक्टेनचं पेट्रोल घाला. आपला माणूस खूश होतो, कारण आपल्याकडचं साधं पेट्रोल कित्येक वर्षं ९१चंच होतं. इथेच गोम आहे. अमेरिकेच्या पंपावरचा आकडा दोन चाचण्यांची सरासरी काढून लिहितात, आपण त्यातल्या वरच्या एकाच चाचणीचा सांगतो. त्यांचं ९१ आपल्या हिशेबाने ९५-९६च्या आसपास जातं. आता २० टक्के इथेनॉल मिसळल्यापासून आपलंही ९५ झाल्याचं सरकार सांगतं, आणि इथे विनोद घडतो: जे इथेनॉल एव्हरेज खातं म्हणून आपण पंपावर उभे राहून शिव्या देतो, तेच बूस्टच्या गाडीला मानवतं. ते हवा थंड करतं आणि नॉकला आवरतं. परदेशात शर्यतीवाले ते मुद्दाम शोधत फिरतात. फक्त त्याचं पोषण कमी असल्याने ते जास्त घालावं लागतं, म्हणजे मोठे इंजेक्टर, दमदार पंप आणि संगणकात नव्याने भरलेला हिशेब हवा. हा हिशेब खोक्यात येत नाही. आला तरी तो तिकडच्या पेट्रोलचा असतो.

दुसरं आरटीओ. आपल्या नंबर प्लेटवर एमएच २८ आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द किटवाल्याने दोनदा वाचावेत. ब्लोअर, इंटरकूलर, इंजेक्टर, पट्टा, पुली हा एक बदल धरायचा की पाच, यावर चौकात पोलिसाशी चर्चा करण्याइतका वेळ कुणाकडे असतो? विम्याचंही तेच, न कळवलेला बदल म्हणजे दावा नाकारायला आयतं कारण. गंमत अशी की गॅसच्या किटला याच कायद्याने वाट ठेवली आहे. मान्यताप्राप्त किट बसवा, आरसीवर नोंद करा, खुशाल फिरा. म्हणजे पैसे मोजून गाडीची ताकद कमी करायला परवानगी आहे आणि वाढवायला नाही. लोकशाहीत कायदा लोकांच्या इच्छेतून येतो म्हणतात, आणि एव्हरेजपुढे पिकअपला या देशात मतं कधी पडली आहेत?

तिसरी गाडीची हाडं. इथे इतिहासप्रेमी बोट वर करतो: अहो, मराठी माणसाने सुपरचार्जर केव्हाच चालवलाय! खरं आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांकडे १९३६ ची ड्यूसेनबर्ग होती, गर्नी नटिंगची बॉडी आणि बॉनेटखाली ३२० अश्वशक्तीचं सुपरचार्जर लावलेलं इंजिन. पण ही साक्ष माझ्याच बाजूने जाते. त्या गाडीत कंपनीने नुसता ब्लोअर लावला नव्हता, आतले कनेक्टिंग रॉडही बदलून पोलादी आणि जास्त मजबूत घातले होते. वाढलेला दाब कुणाच्या हाडांवर येणार हे आधी बघितलं होतं. उलटी साक्ष बेंटलीची. १९२९-३० मध्ये शर्यतपटू टिम बर्किनने कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटलींचा विरोध मोडून ब्लोअर बेंटली उभी केली. दिसायला ती अशी की आजही पोस्टरवर तीच असते. ल मान्सची शर्यत मात्र त्या दोन्ही वर्षी बेंटलीच्याच ब्लोअर नसलेल्या स्पीड सिक्सने जिंकली, आणि ब्लोअरवालीच्या नशिबी तो विजय कधीच आला नाही. हवा करणं आणि जिंकणं ही तेव्हाही दोन वेगळी खाती होती. आपल्या १२०० सीसीच्या गाडीचे रॉड, क्लच आणि गिअरबॉक्स तर ८०-९० अश्वशक्ती धरून बनवलेले. त्यांना कुणी विचारलंय?

चौथा रस्ता, आणि सगळ्यात वजनदार आक्षेप इथलाच, भूगोलाचा. बुलढाणा साडेसहाशे मीटर उंचीवर, हवा विरळ, गाडीला दम लागणारच. सुपरचार्जर तर नेमका याचाच इलाज! तत्त्वतः बरोबर. लढाऊ विमानांना तो याचसाठी लावत. पण या उंचीला हवा सहा टक्क्यांच्या आसपास कमी होते, म्हणजे ८५ अश्वशक्तीतले पाच घोडे गेले. गॅसवर टाकलेल्या पेट्रोल गाडीचे त्याहून जास्त जातात आणि कुणी हूं की चूं करत नाही. राजूर घाट चढताना गाडी रडते ती बहुतेक वेळा कॅरिअरवरच्या पोत्यांमुळे आणि पाच जणांच्या जागेत बसलेल्या आठ जणांमुळे. त्यातून घाटात उपयोगी पडतो तो कमी फेऱ्यांवरचा जोर. बोलेरो बघा. कागदावर घोडे अवघे ७५, पण जोर २१० न्यूटन-मीटर, तोही १६०० फेऱ्यांपासून, कारण टर्बो कारखान्यातूनच बसून येतो. ज्या गाडीला गावात सगळे मुकाट मान देतात तिच्यात हवा आधीच भरलेली आहे. फक्त तिची कुणी मिरवणूक काढत नाही. सपाटीवर पळवायची म्हणाल, तर समृद्धी महामार्गावर मोटारीला मर्यादा १२०ची, आणि तेवढं आजची कुठलीही बरी हॅचबॅक गाठते. उरला गावचा रस्ता. तिथे वेग ठरवतो पुढचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, आणि त्याच्यावर अजून कुठलं किट निघालेलं नाही.

मग हौसेचं काय? हौसेला मोल नसतं हे मला मान्य आहे, आणि ज्याच्याकडे मस्टँग किंवा माझदा मियाटा आहे, ट्रॅकवर न्यायला ट्रेलर आहे आणि हाताशी डायनो, म्हणजे ताकद मोजायचं यंत्र, असलेलं गॅरेज आहे, त्याने जरूर घ्यावं. अशाच गाड्यांसाठी तयार किट निघतात. त्याने रूट्स किंवा ट्विन-स्क्रू घेतला तर पाय ठेवल्याठेवल्या जोर मिळेल. सेंट्रिफ्युगल घेतला तर फेऱ्या वाढतील तसा मिळेल, पण बसवायला सोपा पडेल. बाकीच्यांना हाच घास कारखान्याने ताटात वाढून दिला आहे. २०२४ मध्ये टाटांनी टर्बो लावलेली सीएनजी नेक्सॉन आणली. गॅसचा ऑक्टेन पेट्रोलहून कितीतरी वरचा, म्हणून बूस्ट त्याला सोसतो, आणि गॅसने अडवलेली हवेची जागा टर्बो भरून काढतो. म्हणजे एव्हरेज आणि पिकअप एका आरसीवर, तेही कलम ५२ला नमस्कार करून.

इतकं होऊनही कुणी ऑर्डर देणारच असेल, तर त्याने विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारावा. सोयाबीन निघायला लागलं की इकडे थ्रेशरचा भुसा रस्त्याच्या दोन्ही अंगांनी उडत असतो, आणि ३०-४० टक्के जास्त हवा ओढणारं इंजिन तेवढाच जास्त भुसाही ओढतं. बऱ्याच किटबरोबर बॉनेटखाली उघडा बसणारा शंकूसारखा फिल्टर येतो; फोटोत छान दिसतो. त्याच्याऐवजी कंपनीचा बंद डब्यातला फिल्टर ठेवता येईल का, हे विचारा. 'नाही' म्हणाला तर किट परत घेणार का तेही विचारा, आणि परतीचं भाडं कोण भरणार, ते लेखी घ्या.