अकरा गुंठ्यांचे शिलेदार

पिरंगुट मागे पडलं आणि मुळशीचा रस्ता लागला, की दोन्ही बाजूंना फलकांची जत्रा सुरू होते. पांढरं कुंपण, मखमली हिरवळ, हिरवळीवर एक तुकतुकीत घोडा आणि त्या घोड्याकडे ढुंकूनही न बघता क्षितिजाकडे बघणारं एक जोडपं. चित्र बहुधा केंटकीतल्या लेक्सिंग्टनकडचं असतं. तिथल्या गवताखाली चुनखडीचा दगड आहे आणि त्यामुळे घोड्यांची हाडं मजबूत होतात, असं तिथली माणसं अभिमानाने सांगतात. आपल्याकडे गवताखाली सह्याद्रीचा काळा पाषाण आणि डोक्यावर चार महिने धो धो पाऊस. पांढऱ्या कुंपणाला पहिल्याच श्रावणात शेवाळ चढतं. तरीही फलक बघून गाडी आत वळवणारा एक माणूस असतोच. त्याचं नाव काहीही असो, फार्मवर त्याला सगळे रावसाहेब म्हणतात. तशी सूचना वॉचमनपर्यंत पोचलेली असते.

रावसाहेब पंचावन्नच्या घरातले. धंदा मुलाच्या हवाली केलेला, गुडघे अजून डॉक्टरच्या हवाली व्हायचे आहेत. शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात आधी शेतकरी असावं लागतं. मग गावच्या सातबाऱ्यावर चुलत्यांच्या गर्दीत कुठेतरी चेपून बसलेलं वडिलांचं नाव शोधून काढलं जातं, आणि तीस वर्षं गावाकडे न फिरकलेला माणूस एका दाखल्याने बळीराजा होतो. अकरा गुंठ्यांवर बंगला, तबेला आणि घोडा फिरवायला गोल रिंगण. उरलेल्या जागेत जे उगवतं ते पीकपाहणीत ‘गवत’ म्हणून लागतं. या माणसाच्या कारभारात शंभर टक्के खरी अशी तेवढीच एक नोंद.

घोडा मात्र अस्सल. रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड. या घोड्यांना धावणं बंद झाल्यावर कमी पैशांत, कधी नुसत्या हमीवर घर मिळतं. रावसाहेब मात्र त्याची किंमत सांगत नाहीत, घराणं सांगतात. अठराव्या शतकाच्या आरंभी अलेप्पोहून इंग्लंडला गेलेला डार्ली अरेबियन हा आमच्या थंडरबोल्टचा मूळपुरुष, हे वाक्य चहाआधी एकदा आणि चहानंतर एकदा होतं. जगातल्या बहुतेक थरोब्रेडांची पितृपरंपरा त्याच घोड्याशी जाऊन भिडते, तेव्हा महालक्ष्मीला सतत शेवटून पहिला येणारा घोडाही हे वाक्य छातीठोकपणे म्हणू शकेल. पण पाहुण्याने तसं बोलू नये. रावसाहेबांना स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर ते पुतण्याला फोन लावतात.

थंडरबोल्ट या नावाला घोडा कान हलवत नाही. मोतद्दार त्याला बबलू म्हणतो आणि घोडाही स्वतःला बबलूच समजतो. मोतद्दार राजस्थानचा. पहाटे पाचला खरारा, मग तोबरा, मग खूर उचलून खालची घाण काढणं, दीड-दोन महिन्यांनी नालबंदाला बोलावणं. अश्वसंस्कृती म्हणतात ती सगळी या एका माणसाच्या पगारात बसते.

रावसाहेब घोड्यावर बसत नाहीत. तीन वर्षांपूर्वी बसले होते. त्याविषयी घरात कुणी बोलत नाही. पण पोशाखात काही कमी नाही. गुडघ्यापर्यंत बूट, घट्ट तुमान, हातात छडी. दिवाणखान्यात लाकडी घोडीवर चढवलेलं इंग्लिश खोगीर, ज्याच्या आतल्या चामड्यावर कानपूरचा शिक्का आहे. खरं तर यात शरमेचं काही नाही. कानपूरची खोगिरं जगभर जातात, इंग्लंडलासुद्धा. पण रावसाहेब तो शिक्का भिंतीकडे वळवून ठेवतात.

पाहुणे आले की इतिहासाला हात घातला जातो. शिवकालात ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. “आम्ही रक्ताने शिलेदार,” असं म्हणून ते मिशीवर हात फिरवतात. वहिनी भाकऱ्या थापता थापता विचारतात, “अहो, पण ही जागा आणि तबेला बँकेच्या कर्जावर ना? मग आपण बारगीरच की.”

हिशेब वहिनींकडे आहे, म्हणून त्यांच्या बोलण्याला धार आहे. दिवसाला आठ-दहा किलो चारा, त्यात लसूणघास आणि ओट्स वेगळे. तीसेक लिटर पाणी. आणि या सगळ्याची परतफेड म्हणून पंधरा-वीस किलो लीद. सुरुवातीला तिचं करायचं काय ते कळेना. आता दर रविवारी परत निघालेल्या प्रत्येक पाहुण्याच्या डिकीत खताची एक पिशवी जाते. नको म्हणायची सोय नाही. पुण्यात यांच्या ओळखीतल्या सगळ्या गॅलऱ्यांतली जास्वंद माजली आहे.

घोड्याची खोली 12 बाय 12 फुटांची, दोन खिडक्या, छताला पंखा, माश्यांसाठी जाळी. रावसाहेबांचं बालपण 10 बाय 10 च्या खोलीत सहा माणसांत गेलं. हे ते स्वतःच सांगतात आणि पंख्याचा वेग एकने वाढवतात.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथे रावसाहेब दरवर्षी ‘नुसतं बघायला’ जातात. घोड्याचा ओठ वर करून दात बघतात, गळ्यावरचा देवमणीचा भोवरा शोधतात, पंचकल्याणीचे चारही पाय पांढरे आहेत ना ते मोजतात. घोडेवाला तेवढ्या वेळात त्यांचे बूट बघतो आणि किंमत ठरवतो.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे उतरायला लागतात. एकदा असाच एक वाडा फाटकासमोर थांबला. मेंढरं, कुत्री आणि दोन भीमथडी तट्टं. एकेकावर सगळा संसार लादलेला: पाल, भांडी, वर टोपलीत कोंबड्या, घोंगडीतून मान काढलेलं कोकरू. रावसाहेब धावत बाहेर गेले आणि ही जात किती काटक, मराठ्यांची घोडदौड हिच्याच पाठीवर कशी झाली, हे त्या धनगरालाच समजावून सांगू लागले. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग आतल्या थंडरबोल्टकडे हनुवटी करून विचारलं, “ह्यो काय काम करतो?”

“काम असं नाही. हा रेसचा आहे.”

“पळतो व्हय?”

“आता नाही पळत.”

म्हातारा जरा थांबला. “आन् खातो?”

रावसाहेबांनी त्याला खताची पिशवी देऊ केली. त्याने मागे साडेतीनशे मेंढरांकडे बघितलं आणि वाट धरली.

एवढं सगळं हसून झाल्यावर त्या भाद्रपदातल्या रात्रीचं सांगायला हवं. रात्री दहाला बबलू खुराने जमीन उकरू लागला, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघू लागला, अंगाला दरदरून घाम. पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही. आत अडकलं ते आतच, आणि त्यात चांगला धडधाकट घोडा रात्रीत जातो. डॉक्टर पुण्याहून पावसातून पोचायला दीड तास. त्यांनी इंजेक्शन दिलं, नळी घातली आणि सांगितलं, खायला काही नको, लोळू देऊ नका, हळूहळू चालवत राहा. मोतद्दार दोर धरायला पुढे झाला, तर रावसाहेबांनी दोर सोडला नाही. अंगात पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट, पायात मोतद्दाराच्या रबरी चपला, डोक्यावर घोंगतं, आणि रिंगणात चिखल तुडवत फेरी, फेरीवर फेरी. “चल रे बबलू. चल बाळा.” डार्ली अरेबियनचं नाव नाही, छडी नाही, गुडघ्याची तक्रार नाही. वहिनी दर अर्ध्या तासाने छत्री घेऊन यायच्या, चहा द्यायच्या आणि काही न बोलता एक फेरी बरोबर चालायच्या. मोतद्दार अधूनमधून घोड्याच्या पोटाला कान लावायचा आणि मान हलवायचा.

पावणेचारला बबलूने शेपूट वर केली.

चार वाजून दोन मिनिटांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर रावसाहेबांनी फोटो टाकला: टॉर्चच्या उजेडात वाफाळणारी, ताजी, भरघोस लीद. खाली एकच शब्द, ‘झाली!!!’ पुण्यातल्या एका मेव्हण्याने झोपेत फोटो न उघडताच ‘अभिनंदन, मुलगा की मुलगी?’ असं विचारलं. रावसाहेबांनी त्याला मनापासून धन्यवाद दिले.