टाकीतून डोमिनो बाहेर काढण्याची रीत

प्रवाळाच्या टाकीतून मासा काढणे म्हणजे पाण्यातून मासा काढणे नव्हे. दगडातून मासा काढणे. 300 लिटरच्या टाकीत 30-35 किलो दगड सहज रचलेला असतो आणि त्या दगडाला असंख्य भोके असतात. त्यांतली चार-पाच मालकाला माहीत असतात. माशाला सगळी माहीत असतात.

काढावा लागणारा मासा बहुधा डोमिनो डॅमसेल असतो. मरून क्लाउनफिश, सिक्स लाइन रॅस, डॉटीबॅक हेही या यादीत बसतात, पण अभ्यासाला डोमिनोच सोयीचा. दुकानात तो दोन सेंटिमीटरचा दिसतो: मखमली काळा, कपाळावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरा ठिपका. समुद्रात त्याचे बालपण मोठ्या समुद्रफुलांच्या आसऱ्याने जाते. अंगाने इतका चिवट की नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट वाढलेले असतानाही तो तगतो. म्हणून पूर्वापार ‘आधी हा सोडा, टाकी सेट होईल’ असे सांगून तो घरोघर पाठवला गेला. टाकी सेट होते. पुढे ठिपके फिके पडत जातात, अंग दहा-बारा सेंटिमीटरचे होते आणि टाकी आपण सेट केली आहे ही गोष्ट तो विसरत नाही. नंतर आलेल्या माशांचे शेपटीचे पर फाटू लागतात आणि काच पुसणाऱ्या हाताला चावे बसतात. मग त्याला काढायचे ठरते.

कामाला आरंभ करण्यापूर्वी घरच्यांना कल्पना द्यावी. पाहुणे येणार असतील तो दिवस टाळावा. ‘दहा मिनिटांचे काम आहे’ हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत उच्चारू नये.

पहिला उपाय जाळीचा. सगळे यापासूनच सुरुवात करतात, आणि जाळी कशी असते हे माशाला शिकवणे हा त्याचा मुख्य उपयोग. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आर्चरफिश या माशाने माणसांचे चेहरे वेगवेगळे ओळखून, शिकवलेल्या चेहऱ्यावर नेमकी पिचकारी मारून दाखवली होती. डोमिनोला चेहऱ्यापर्यंत जावे लागत नाही, हिरवी जाळी पुरते. मालक स्टुलावर उभा असतो, बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, खारे पाणी कोपरावरून ठिबकत खाली विजेच्या बोर्डाच्या दिशेने निघालेले. (बोर्ड आधीच उंच बसवावा; हे विनोदाने लिहिलेले नाही.) मासा भोकाबाहेर दोन बोटांवर, एक डोळा वर करून, थांबलेला. जाळी पाण्यात गेली की तो नाही. जाळी बाहेर आली की तो तिथेच, त्याच दोन बोटांवर. तिसऱ्या फेरीला अ‍ॅक्रोपोरा प्रवाळाची फांदी मोडते. ती वाढायला वर्ष लागलेले असते.

तरीही जाळीच वापरायची असेल तर दोन घ्याव्यात. एक दगडाशी स्थिर धरावी आणि दुसरीने मासा सावकाश तिच्याकडे वळवावा. पाठलाग पाच मिनिटांवर नेऊ नये. कल्ले भराभर उघडमिट करू लागले की हात बाहेर काढावा आणि दिवे मंद करावेत. दमवून धरलेला मासा हातात येतो, पण पुढे जगेलच असे नाही. टँगच्या शेपटीजवळचे पाते आणि एंजलफिशच्या गालावरचा काटा जाळीत अडकतो. असे मासे पाण्यातल्या पाण्यात पारदर्शक डब्यात घेऊन पाण्यासकट उचलावेत. कोरड्या हाताने तर कोणताच मासा धरू नये, अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि रोगाला वाट मिळते.

दुसरा उपाय सापळ्याचा. खरी विद्या हीच. अ‍ॅक्रिलिकचा पारदर्शक डबा, त्याला वरखाली सरकणारे दार आणि दाराला बांधलेली तंगूस, एवढेच साहित्य लागते. (शीतपेयाच्या बाटलीची मान कापून उलटी बसवली तरी लहान माशांना चालते.) सापळा टाकीत ठेवावा आणि दोन दिवस विसरून जावे. नंतर दार वर बांधून सगळे खाणे सापळ्यातच द्यावे: गोठवलेले मायसिस, किंवा स्वयंपाकघरातल्या ताज्या, मीठ न लावलेल्या कोळंबीचे बारीक तुकडे. हा क्रम चार-पाच दिवस चालावा. या काळात सापळ्यात टँग जाईल, क्लाउनफिशची जोडी जाईल, सफाई करणारी झिंगी तर मुक्कामालाच येईल. कोणालाही धरू नये.

पाचव्या-सहाव्या दिवशी तंगूस बोटाला गुंडाळून टाकीपासून हातभर दूर बसावे. डोमिनो येतो. डोके आत, शेपूट बाहेर. तुकडा उचलतो आणि वळून न जाता तसाच मागे सरतो. पुन्हा येतो. या वेळी निम्मा आत. चहा निवतो, बोटाला मुंग्या येतात, आतून कोणीतरी ‘मिळाला का?’ असे विचारते. उत्तर देऊ नये. शेपूट दाराच्या पुरते आत गेल्याखेरीज तंगूस सोडू नये, कारण दार एकदा त्याच्या अंगावर पडले की पुढचा आठवडा तो सापळ्याकडे फिरकत नाही. घाईच्या माणसाने तंगूस दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावी. घरातली आजी या कामाला उत्तम.

तिसरा उपाय रात्रीचा. दिवे मालवून दोन-तीन तासांनी टाकी झोपते. डोमिनो रोज ठरलेल्या भोकातच निजतो; ते भोक दिवे जाताना आधी चार रात्री हेरून ठेवावे. लाल कागद लावलेली बॅटरी वापरावी, कारण पुष्कळ माशांना लाल प्रकाश नीट दिसत नाही. पांढरा झोत अंगावर पडला तर मासा दचकून दगडावर आपटतो किंवा टाकीबाहेर उडी घेतो. दगड सुटा असेल तर माशासकट हळूच उचलून टाकीचेच पाणी भरलेल्या बादलीवर धरावा. बरेचदा मासा आपण होऊन बादलीत उतरतो. दगड सुटा नसेल, म्हणजे मालकाने तो हौसेने सिमेंटने जोडलेला असेल, तर पुन्हा मागल्या परिच्छेदाकडे वळावे.

चौथा उपाय टाकी उपसण्याचा. आधी हीटर बंद करावा, नाहीतर पाणी उतरताच तो तडकतो. पाणी स्वच्छ पिंपांत काढून चार बोटे ठेवावे. प्रवाळ काही मिनिटे उघडे राहिले तर बिघडत नाही. समुद्रातही ओहोटीला पुष्कळ प्रवाळ उघडे पडतात. स्पंज मात्र हवेत आणू नयेत. एकेक दगड बाहेर काढला की शेवटी मासा आणि मालक समोरासमोर येतात. रचनेचा फोटो आधी काढून ठेवावा. दगड पुन्हा तसे बसत नाहीत, पण तक्रार कोणत्या रचनेशी ताडायची हे तरी कळते.

बारीक गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून तो वापरणारेही आहेत. ते याबद्दल मोठ्याने बोलत नाहीत.

टाकीत गुंगीचे औषध ओतू नये. फिलिपिन्सच्या प्रवाळांवर 1960च्या दशकापासून सायनाइड फवारून शोभेचे मासे धरले गेले. मासे मागाहून मेले आणि प्रवाळही गेले. पकडलेला मासा पुण्य म्हणून चौपाटीवर सोडू नये. डोमिनो हिंदी महासागराचाच असला तरी टाकीतले रोग सोबत घेऊन जातो. शिवाय हिंद-प्रशांत महासागरातला लायनफिश, बहुधा असाच कोणीतरी सोडलेला, 1985 साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आढळला आणि आज साऱ्या कॅरिबियन समुद्रात तो उपद्रव झाला आहे.

हाती आलेला मासा झाकणाच्या बादलीत, हवेच्या नळीसह ठेवावा. झाकण विसरू नये, डोमिनो उडी मारतो. दुकानदाराला आधी फोन करावा. तो मासा बहुधा फुकट घेतो आणि मालकाला दोन सेंटिमीटरचे काहीतरी काळे दाखवू लागतो. तिकडे पाहू नये.

टाकीत दोन दिवस शांतता राहते. मग आजवर अंग चोरून राहिलेला निळा डॅमसेल त्याच भोकाबाहेर, दोन बोटांवर, येऊन थांबतो. सापळा गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, तंगुशीसह हाताशी ठेवावा. माळ्यावर टाकू नये.