पालक गैरहजर

मी सोलापूरची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्याचं खापर आमच्या घरात शेवटी सोलापूरवरच फुटलं.

सोलापुरात आठवडा सरळ असतो. माझ्या माहेरी सोमवारी मटकी, मंगळवारी शेपू, बुधवारी वांगं अशी भाज्यांची रांग होती आणि ती कुणी मोडत नसे. ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी यांना रांग नव्हती, त्या घरच्याच. गुरुवारी काय जेवायचं हे सोमवारीच माहीत असे, आणि माहीत असल्यामुळे कुणी विचारत नसे. जवळपास समुद्र नसला की माणूस किती निश्चिंत असतो, हे मला लग्न होऊन रत्नागिरीला आल्यावर कळलं.

इथे प्रश्न रोज नव्यानं पडतो. सकाळी साडेसहाला मुलगी विचारते, ‘डब्यात काय?’ साडेआठला नवरा विचारतो, ‘डब्यात काय दिलंयस?’ झाकण उघडून बघायचं नाही, विचारायचं. संध्याकाळी बँकेतून येऊन मी चपला काढते न काढते तोच मुलगा दारात हजर. ‘रात्री काय?’ सासूबाई विचारत नाहीत. त्या फक्त ‘भात लावू ना?’ म्हणतात. म्हणजे भात त्यांच्याकडे आणि भातावर काय, हा पेच माझ्याकडे. एकदा रात्री फ्रिज उघडला तर आत नारळाच्या चार वाट्या, तीन दिवसांची तीन वरणं आणि कशाची तरी अर्धी उसळ निघाली. कशाची ते उसळीलाही आठवत नसावं.

त्याच आठवड्यात बँकेत वेळेच्या नियोजनावर एक प्रशिक्षण झालं होतं. शिकवायला आलेल्या गृहस्थांनी दिवसभर तक्ते दाखवले आणि दुपारी एक वाजता ‘इथे जेवायला कुठे जावं?’ असं आम्हालाच विचारलं. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण मी रविवारी दुपारी बसले, पट्टी घेतली आणि सात ओळींचा, तीन रकान्यांचा तक्ता केला. न्याहारी, डबा, रात्रीचं जेवण. शाकाहारी दिवस हिरवे, मासळीचे लाल. लोह मिळावं म्हणून बुधवारी रात्री पालक, मुलांसाठी शुक्रवारी डब्यात पनीर. मारुती मंदिरापाशी जाऊन तो लॅमिनेट करून आणला आणि फ्रिजवर लावला. लॅमिनेट केलेल्या गोष्टीत खाडाखोड करता येत नाही, हा त्याचा गुण आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

सासूबाईंनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. ‘अक्षर छान आहे,’ म्हणाल्या. मग रविवारच्या लाल चौकटीवर बोट ठेवलं. ‘रविवारी सुरमई लिहिलंयस. सुरमईला कळवलंस?’

त्या रविवारी सुरमई आली नाही. आमच्याकडे मासळी घेऊन भाभी येते. मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे जे मिळेल ते तिच्या पाटीत असतं आणि तिच्या पाटीत असतं ते आमच्या ताटात. त्या दिवशी पाटीत मांदेली होती. ‘भाभी, सुरमई?’ मी विचारलं. ती पाटीवरचं फडकं नीट करत म्हणाली, ‘वहिनी, दर्यात बघून येऊ?’ मी मुकाट्यानं दोन वाटे घेतले.

तरी मी हटले नाही. पुढच्या तक्त्यात सुरमईऐवजी नुसतं ‘मासळी’ लिहिलं आणि मोठ्या हुशारीनं महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी तिसऱ्या टाकल्या. शुक्रवार आला, तिसऱ्या नाहीत. सासूबाईंनी फक्त ‘आज तिथी कोणती?’ एवढंच विचारलं. अष्टमी होती. मग त्यांनी मला बोटांवर हिशेब करून दाखवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब मागे जातं, आणि ते लांब गेलं की बायका तिसऱ्या काढायला खाडीत उतरतात. अष्टमीला भांग असतो, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. थोडक्यात, माझा शुक्रवार समुद्राच्या दृष्टीनं पाण्याखाली होता.

‘आई, हे आधी का नाही सांगितलंत?’

‘विचारलं नाहीस गो.’

नवऱ्यानं या निमित्तानं एक हिशेब मांडला. इतर कुठल्याही कामात तो इतका पद्धतशीर नसतो. सोमवार, गुरुवार, शनिवार घरात मासळी नाही. म्हणजे 52 आठवड्यांचे 156 दिवस गेले, उरले 209. मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. त्यातले मासळीचे वार साधारण 35. उरले 174. त्यातून श्रावण, गणपती, नवरात्र आणि मधल्या वारी आलेल्या संकष्ट्या काढल्या की दीडशेच्या आत-बाहेर. ‘माणसाला वर्षात दीडशे दिवस मिळतात,’ तो दाटल्या गळ्यानं म्हणाला, ‘आणि त्यातल्या बुधवारी तू पालक लिहितेस.’

भाज्या तरी माझ्या हातात असतील असं वाटलं होतं. तर त्या आंबा घाटाच्या हातात निघाल्या. कोबी, फ्लॉवर, पालक ही मंडळी बहुतेक कोल्हापूरकडून घाट उतरून येतात. पावसात घाटात दरड आली की ट्रक वर आणि आम्ही खाली. उलट जे इथलं, ते न बोलावता येतं आणि आलं की एकदम येतं. मार्चमध्ये ओले काजूगर, मग फणसाच्या कुयऱ्या. एका मंगळवारी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून कुयरी दिली, मागच्या घरातून दुसरी आली आणि तिसरी नवरा ऑफिसातून कुणाच्या तरी स्कूटरवरून घेऊन आला. तक्त्यात त्या दिवशी ढोबळी मिरची होती. कुयरीची भाजी आम्ही चार दिवस खाल्ली आणि दोन डबे काकूंकडे पाठवले. काकूंनीही आम्हाला दोन पाठवले, त्यातही कुयरीच होती. पावसाळ्यात हेच काम टाकळा, फोडशी, भारंगी करतात, आणि श्रावणानंतर काकड्या. बंदीच्या दोन महिन्यांत तरी तक्ता सुतासारखा सरळ चालेल म्हणावं, तर पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे आले आणि रात्री नऊला दारात कुणीतरी भिजलेला, हसरा इसम पिशवी घेऊन उभा. तो कोण होता हे मला अजून नीट माहीत नाही. नवरा म्हणतो, ओळखीचा आहे.

या सगळ्याची नोंद मुलगा ठेवत होता. तो तिसरीत आहे आणि वर्गाचा मॉनिटर आहे, त्यामुळे त्याला कुणाची तरी हजेरी घ्यायची असतेच. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर त्यानं तक्ता उतरवून घेतला होता आणि रोज रात्री जेवण झालं की खुणा करायचा. कुळीथ: हजर. पनीर: आजारी (घरात वीज नव्हती, फ्रिज बंद होता). पालक: गैरहजर. पालक: गैरहजर. पालक: गैरहजर. असं सलग सात बुधवार.

एका संध्याकाळी त्याच्या बाईंचा फोन आला. आवाज फार मऊ होता. ‘घरी सगळं ठीक आहे ना? म्हणजे… मुलानं वहीत काही लिहिलंय. मुलं बोलत नाहीत हो, लिहून ठेवतात.’ मी घाबरले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून दोघंही शाळेत गेलो. बाईंनी वही आमच्यापुढे सरकवली आणि खिडकीबाहेर बघितलं. मी पान वाचलं. नवऱ्यानं वाचलं. ‘बाई, हा पालक म्हणजे भाजी,’ मी म्हणाले. त्यावर बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर एकदम खोटं सांगणाऱ्या पालकांसाठी राखून ठेवलेली असते. शेवटी मी मोबाइलमधला फ्रिजचा फोटो दाखवला तेव्हा सुटका झाली. निघताना बाईंनी हळूच विचारलं, ‘तक्ता मला पाठवाल का? आमच्याकडे पण रोज हेच.’

मला राग येत होता तो एका गोष्टीचा. माझा तक्ता रोज मोडत होता, पण घरात उपाशी कुणीच राहत नव्हतं. माझं नियोजन कोसळलं की त्या जागी दहा मिनिटांत काहीतरी उभं राहायचं आणि ते चांगलं असायचं. कुळथाची पिठी आणि मऊ भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, सुकटीची चटणी, घावन. हे येतं कुठून, म्हणून एका रविवारी मी बँकेच्या ऑडिटसारखी स्वयंपाकघरामागची खोली तपासली.

तिथे वर्ष ठेवलेलं होतं. चिनी मातीच्या बरणीत आमसुलं, बाटल्यांत आगळ, डब्यात कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी, पोह्याचे पापड, सांडगी मिरच्या, कडवे वाल. दोन डबे एकात एक घालून, वर फडकं बांधून कोपऱ्यात हद्दपार केलेले सोडे आणि सुके बोंबील. हे सगळं एप्रिल-मेमध्ये होतं, तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नसते. रातांब्याच्या साली वाळवायच्या, त्यांच्याच खारवलेल्या रसात भिजवायच्या, पुन्हा वाळवायच्या, पुन्हा भिजवायच्या, काळ्या होईपर्यंत. जूनच्या 7 तारखेच्या सुमारास मृग लागतो, त्याआधी सगळं आत यायला हवं. मी इतकी वर्षं हे उन्हाळी कामात मोजत होते. सासूबाई आठवड्याचा विचार करत नाहीत, कारण त्यांचा वर्षाचा झालेला असतो. दिवसाचं काय, तो भाभी ठरवते.

हे मी त्यांना बोलून दाखवलं तर त्यांनी मला त्यांच्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली. ते राजापूरकडून शिकायला रत्नागिरीत आले तेव्हा वारानं जेवत. गरीब मुलांची तेव्हा ती रीतच होती. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, अशी सात घरं धरायची. ‘त्यांचा तक्ता एकदम पक्का होता बघ,’ सासूबाई म्हणाल्या. ‘घर ठरलेलं. पानात काय पडेल ते त्या घराचं.’ एका वारी म्हणे नेहमी पातळ ताकच असायचं आणि तो वार कोणता, हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. त्या घरातली माणसं गावात होती अजून.

मी तक्ता काढून टाकला असं वाटत असेल तर ते चूक आहे. लॅमिनेशनला मी पैसे दिले होते. शिवाय एकदा तरी, एका बुधवारी तरी, तक्ता खरा व्हायला हवा अशी माझी जिद्द होती. गेल्या ऑक्टोबरात तो योग आला. घाट मोकळा, तिथी साधी, कुंपणापलीकडे शांतता. मुलांना सुट्टी होती, मीही रजेवर होते, म्हणून पालक दुपारीच करायचा ठरवला. सकाळी नवऱ्याला पिशवी आणि चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर एकच जिन्नस: पालक, दोन जुड्या. वाचून दाखवला, परत म्हणायला लावला. तो गेला.

साडेदहाला फोन वाजला. मुंबईचे मामेसासरे. ‘सरप्राइज! चिपळूण सोडलं. तासा-दीड तासात पोचतो. आम्ही चौघं आहोत. जेवणाचं काही करू नका, जे असेल ते चालेल.’ मुंबईच्या माणसाला ‘जे असेल ते’ म्हणजे काय असावं लागतं हे कोकण रेल्वेवरच्या सगळ्या घरांना ठाऊक आहे. मी पालकाचं प्रमाण वाढवायला नवऱ्याला फोन लावला. मागून गलका ऐकू आला. तो बाजाराचा नव्हता. बोली लावल्याचा होता.

‘तू कुठे आहेस?’

‘इथेच. जरा वाटेत.’

भाजी बाजाराच्या वाटेत मिरकरवाडा लागत नाही. रत्नागिरीच्या कुठल्याच वाटेत तो लागत नाही, बंदर आहे ते, मुद्दाम जावं लागतं. नवरा आला तो पिशवी शरीरापासून लांब धरून. बांगडे. निळेहिरवे, टणक, डोळे माझ्या नवऱ्यापेक्षा स्वच्छ. ‘पालक उद्याही मिळेल,’ तो म्हणाला. ‘हा असा बांगडा उद्या मिळेल का, तू सांग.’

सांगण्यासारखं काही नव्हतं. सासूबाईंनी नारळ फोडलाच होता. मी मिरच्या भिजत घातल्या, मुलीनं मागच्या खोलीतून आगळाची बाटली आणली, तिरफळं ठेचली गेली. साडेबाराला चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत होत्या, आणि मामेसासरे ओटीवर बसून त्या वासाकडे तोंड करून ‘काही धावपळ करू नका’ म्हणत होते.

पानं वाढली. मुलगा गणिताची वही घेऊन येऊन बसला आणि पेन्सिल काढून तक्त्याकडे बघू लागला. मी मान फिरवली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, आणि मामेसासऱ्यांच्या पानात सर्वांत मोठा बांगडा वाढत म्हणाल्या, ‘बुधवारी आमच्याकडे पालक असतो हो. सूनबाईचं सगळं आधी ठरलेलं असतं. गोड मानून घ्या.’

मामेसासऱ्यांनी काटा काढला, घास घेतला, डोळे मिटले. मुलानं वहीत मोठ्या अक्षरात ‘हजर’ लिहिलं.

‘असला पालक,’ मामेसासरे म्हणाले, ‘मुंबईत मिळत नाही.’