बोट गेली, आगगाडी गेली, वाट राहिली

पर्यटनाची पत्रकं लिहिणारी मंडळी नदीकाठच्या कुठल्याही खडीच्या वाटेबद्दल एक वाक्य हमखास लिहितात: इथं तुम्हाला एकही मोटार भेटणार नाही. वाक्य खरं असतं, पण सूर असा, की जणू कुणा दूरदृष्टीच्या अधिकाऱ्यानं पहाटे उठून सगळ्या मोटारी गोळा केल्या आणि दूर रानात नेऊन सोडल्या. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या लॉट नदीचं खोरं पाहिलं तर हे श्रेय कुणालाच देता येत नाही. तिथल्या वाटा मोकळ्या आहेत, कारण तिथं आलेल्या एकेका वाहनाचा धंदा बसला. वाहतूकमुक्त वाट बांधून होत नाही. वाहतुकीनं स्वतःहून काढता पाय घ्यावा लागतो. आणि सगळे निघून गेल्यावर 40 मिलिमीटर रुंद टायरांची, कार्बनच्या सांगाड्याची ग्रॅव्हल सायकल घेऊन घट्ट चड्डीतला एक माणूस येतो आणि म्हणतो, काय शांतता आहे!

या शांततेचा हिशेब नदीपासूनच मांडायला हवा. लॉट माँ लोझेरजवळच्या डोंगरात उगम पावते आणि गारोनला मिळेपर्यंत सुमारे 480 किलोमीटर वाहते. पण सरळ जाणं तिच्या स्वभावात नाही. काऑर शहराला ती तीन बाजूंनी वळसा घालते, आणि पुढं ल्युझेशला तर एवढा मोठा फेरा मारून जवळजवळ निघाल्या जागीच परत येते, की नकाशा काढणाऱ्याचा हात थरथरला असावा असं वाटतं. याच नदीतून काऑरची काळीभोर वाईन सपाट बुडाच्या बोटींतून बोर्दोकडं जायची. उतारावर नदी फुकट नेई. चढावर मात्र काठावरून दोर लावून बोट ओढावी लागे. त्यासाठी काठाला वाट हवी. बूझिएस गावाजवळ कडा थेट पाण्यात उतरलेला, तिथं वाट कुठून आणायची? 1840 च्या दशकात माणसांनी तो कडाच कोरला, आणि डोक्यावर खडक, पायाखाली खडक, शेजारी नदी अशी ओढवाट तयार झाली. छिन्नी खाली ठेवून जेमतेम 40 वर्षं झाली आणि 1886 मध्ये त्याच खोऱ्यातून काऑर-कापदनाक रेल्वे धावू लागली. त्याच सुमारास फायलोक्सेरा या किडीनं द्राक्षमळेही संपवत आणले होते. म्हणजे माल गेला आणि उरलासुरला गाडीत बसला. 1926 मध्ये सरकारनं लॉटचं नाव जलमार्गांच्या यादीतूनच काढलं. मग मोटारीनं रेल्वेला तेच केलं: 1980 मध्ये उतारूंची गाडी बंद झाली. त्या रुळांच्या जागी हिरवी वाट करावी की पुन्हा गाडी आणावी, यावर तिथं वर्षानुवर्षं वाद चालला. दरम्यान झुडपांनी आपला निर्णय घेऊन टाकला. खुद्द मोटारही या खोऱ्यात रमली नाही. तिला पश्चिमेकडून ए-20 हा महामार्ग मिळाला आणि ती तिकडं गेली.

नदी सोडून वरच्या चुनखडीच्या पठारावर चढलं, की हाच हिशेब माणसांच्या आकड्यांत दिसतो. लॉट जिल्ह्यात 1851 मध्ये सुमारे 2,95,000 माणसं होती. आज पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. शेतातले दगड वेचून त्यांनी वाटांच्या दोन्ही बाजूंना गाऱ्याशिवाय रचलेल्या भिंती मात्र तशाच उभ्या आहेत, आणि त्या भिंतींमधून जाणाऱ्या पाणंदीही. ग्रॅव्हल सायकलस्वाराला हव्या असतात त्या याच: पांढरी खडी, ओकची सावली, आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली इथली मेंढरं. ती येणाऱ्याकडं असं बघतात, की चष्मा लावलेल्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा द्यायला आल्यासारखं वाटावं.

यावर पहिला आक्षेप असा, की उद्ध्वस्त धंद्यांशिवायही शांत वाटा मिळतात. नेदरलँड्सनं सायकलींसाठी मुद्दाम बांधल्याच की. बांधल्या, आणि उत्तम बांधल्या. पण त्या शाळेत, कचेरीत, बाजारात जाणाऱ्यांसाठी आहेत, त्यामुळं तिथं सायकलींचीच वाहतूक आहे. लॉटच्या पठारावरची पाणंद अशा ठिकाणी जाते जिथं आता कुणाचं काही काम नाही, आणि शांतता त्या कामाच्या अभावातून येते. उलटा पुरावा हवा असेल तर सँ-सिर-लापोपी बघा. कवी आंद्रे ब्रताँ 1950 मध्ये कड्यावरचं हे गाव पाहून भुलला आणि त्यानं तिथं घर घेतलं. 2012 मध्ये दूरचित्रवाणीवरच्या स्पर्धेत ते फ्रेंचांचं सर्वांत लाडकं गाव ठरलं. खोऱ्यातला पर्यटनाचा हा धंदा बुडाला नाही, म्हणून उन्हाळ्यात तिथं मोटारींची रांग आहे.

दुसरा आक्षेप जड आहे. गावं ओस पडली, तरुण निघून गेले, बेकरीला टाळं लागलं, आणि पाहुण्यानं त्याला निसर्गशांती म्हणावं, हे बरं नव्हे. खरंच बरं नव्हे. दुपारी दोननंतर पोहोचलेल्या सायकलस्वाराला अख्ख्या गावात पावाचा तुकडा मिळत नाही तेव्हा त्याची शिक्षा त्याला तिथंच मिळते. शिवाय ओस म्हणजे पूर्ण ओस नाही. शरद ऋतू लागला की रानडुकरांच्या मागे नारिंगी जाकिटातले शिकारी निघतात, आणि त्या दिवशी रानाच्या रंगाचे कपडे घालून पाणंदीत घुसणं म्हणजे चुकीच्या दिशेनं केलेली काटकसर. पण या आक्षेपाचं खरं उत्तर फ्रेंच कायद्यात आहे. खेडोपाडीच्या या वाटा गावाच्या मालकीच्या, पण गावाच्या खासगी मालमत्तेत मोडतात. त्यामुळं कुणी ती वाट कुंपणात घेतली आणि 30 वर्षं हटकलं गेलं नाही, तर ती वहिवाटीनं त्याची होऊ शकते. पाणंदीवर नांगर फिरवण्याची कला फक्त आपल्याच शिवारात आहे, असा गैरसमज नको. दुखणं एवढं वाढलं, की गावानं आपल्या वाटांची मोजदाद करायला घेतली तर तोवर ही 30 वर्षांची मुदत थांबवण्याची सोय 2022 च्या कायद्यात करावी लागली.

आणि वाट सार्वजनिक आहे हे सिद्ध कशानं होतं? मुख्यतः लोक तिच्यावरून येतात-जातात यानं. म्हणजे ज्या वाटेवर बोट ओढणारा नाही, बैल नाही, शाळेला निघालेलं पोरही नाही, तिथं चढावर धापा टाकत, चिखलानं माखून सायकल रेटणारा तो परका इसम हा कायद्याच्या दृष्टीनं वहिवाटीचा पुरावा आहे. मोटार तिथून गेली तर वाट मोडते, कुणीच गेलं नाही तर वाट जाते. त्याचं वजन या दोहोंच्या बरोबर मध्ये बसतं. त्यामुळं गावच्या मेअरनं त्याच्याकडं जरा आदरानं बघायला हरकत नाही. साक्षीला बोलावणं आलंच, तर त्यानं चड्डी तेवढी बदलून जावी.