अज्ञात इसमास, सप्रेम जय महाराष्ट्र

मा. भाऊ,

तुम्हाला अज्ञात म्हणताना माझी मलाच लाज वाटते. तुमचं नाव, आडनाव, नावामागचं 'कार्यसम्राट', नावापुढचं 'भावी नगरसेवक', मोबाइल नंबर, संपर्क कार्यालयाचा पत्ता, एवढंच काय, तुमच्या हातातल्या घड्याळात किती वाजलेत हेसुद्धा अख्ख्या प्रभागाला ठाऊक आहे. आमच्या चौकात तुम्ही पाच फूट उंचीचे, हात जोडलेले आणि बारा महिने हसरे असता. तरीही पत्रावर 'अज्ञात इसम' लिहावं लागलं, कारण पोलीस ठाण्यातल्या कागदावर तुम्ही त्याच नावाने नोंदले गेले आहात.

झालं असं. मागच्या महिन्यात तुमच्या साहेबांचा वाढदिवस होता. त्याचा वीस बाय दहाचा फ्लेक्स तुमच्या पोरांनी चौकातल्या सिग्नलच्या खांबाला बांधला. चांगला ताणून, चारी कोपऱ्यांना बाइंडिंग वायर मारून. सिग्नलचा लाल दिवा साहेबांच्या डाव्या कानामागे गेला. पलीकडच्या बाजूचा दिवा दिवाळीपासून बंदच आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार नाही. कॅमेरा मात्र अलीकडच्या खांबावर, मोकळ्या हवेत होता. त्याने आपलं काम चोख केलं. माझी स्कूटर, माझी पाठ, माझी नंबरप्लेट, तारीख, वेळ, आणि पाचशे रुपये. मेसेज दुपारपर्यंत आला. मागच्या सीटवरच्या पिशवीत कोथिंबीर होती, तीसुद्धा फोटोत ओळखू येते.

आता गंमत बघा. स्कूटरच्या चलनात माझा चेहरा कुठेही नाही. गाडी कोण चालवत होतं, माझा भाऊ, शेजारी की चोर, हे कुणी विचारलं नाही. प्लेटवर नंबर आहे ना, मग मालक दोषी. त्याच फोटोच्या वरच्या अर्ध्या भागात तुमचा फ्लेक्स आहे. त्यावर तुमचा चेहरा, तुमचं नाव, खाली शुभेच्छुक म्हणून छत्तीस जणांचे पासपोर्ट फोटो, त्यांची नावं, टोपणनावं, आणि अगदी कोपऱ्यात ज्याने छापला त्याचा नंबर. गुन्हा करून स्वतःचा फोटो, फोन आणि साथीदारांची यादी जागेवर सोडून जाणारे आरोपी आमच्या चौकाशिवाय कुठे सापडतील? मी तो फोटो घेऊन चौकीत गेलो. हवालदारसाहेब भला माणूस. चहा मागवला. म्हणाले, "काका, फोटो कुणाचा आहे हे दिसतंय हो. पण लावला कुणी, हे कुठं दिसतंय?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतं. तुमचं उत्तर तर तयारच असतं: "कार्यकर्त्यांनी प्रेमापोटी लावला असेल, मला कल्पना नव्हती." भाऊ, तुमच्या वाढदिवसाला क्रेनने हार घातला जातो, जेसीबीतून फुलं उधळली जातात, त्या प्रत्येकाची तुम्हाला आधी कल्पना असते, कारण तुम्ही त्यासाठी केस काळे करून येता. फक्त खिळे, वायर आणि वासे तेवढे तुमच्या नकळत उगवतात.

नंतर मी महापालिकेच्या ॲपवर तक्रार केली. दोन दिवसांनी 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे' असा निरोप आला, सोबत पुरावा म्हणून फोटो. फोटोत स्वच्छ, मोकळा, देखणा खांब होता. फक्त तो आमच्या चौकातला नव्हता. मागे समुद्र दिसत होता. आमच्या शहराला समुद्र नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो नाही असं कोण म्हणेल! महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध अधिनियम १९९५ सालचा आहे, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महापालिकेत त्यासाठी आकाशचिन्ह विभाग आहे. (नाव ऐकून वाटतं तिथे दुर्बिणी असतील.) साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनने याच दुखण्यावर जनहित याचिका केली, २०१७ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला, आणि तुमच्या साहेबांच्या पक्षासकट बऱ्याच पक्षांनी 'आम्ही बेकायदा फलक लावणार नाही, कार्यकर्त्यांनाही लावू देणार नाही' अशी लेखी हमी न्यायालयात दिली. २०२४ ची विधानसभा निवडणूक झाली, गुलाल उधळला गेला, आणि महिन्याभरात त्याच न्यायालयाला त्याच पक्षांना नोटिसा काढून विचारावं लागलं की हमी मोडल्याबद्दल तुमच्यावर अवमानाची कारवाई का करू नये? आमच्या चौकात त्या आठवड्यात 'अभिनंदन'चे नऊ फ्लेक्स होते. न्यायालयाला दिलेली हमी कोणत्याच फ्लेक्सवर छापलेली मी पाहिली नाही. तुमचं अक्षर मोठं असतं, माझ्या नजरेतून सुटलं नसतं.

बाकी तक्रारी आहेत, पण त्या ओळीतच आटोपतो. गाडीच्या काळ्या काचा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंद केल्या. लाल दिवे २०१७ च्या एक मेपासून गेले; तुमच्या गाडीचा सायरन मात्र गेला नाही, त्याचा तुम्हाला अधिकार कधी मिळाला हेही कळलं नाही. ४१४१ या आकड्यांना 'दादा' म्हणून वाचायला लावणारी नंबरप्लेट. रात्री बाराला बॉनेटवर केक, तोही तलवारीने. साहेबांचा ताफा उलट्या बाजूने आला तेव्हा शाळेच्या रिक्षा गटाराच्या कडेला दाबून उभ्या केल्या होत्या, ते असो. या सगळ्यावर स्वतंत्र पत्र लिहिलं असतं, पण त्याने तुमच्या प्रसिद्धीत भरच पडली असती.

तुम्ही म्हणाल, काका, एका फ्लेक्सने काय होतं, कापडच आहे. २०१९ च्या सप्टेंबरात चेन्नईच्या पल्लीकरणैत एका माजी नगरसेवकाच्या मुलाच्या लग्नाचा फलक दुभाजकावर लावला होता. तो स्कूटरवरून घरी निघालेल्या एका तरुण इंजिनीअर मुलीच्या अंगावर पडला, ती रस्त्यावर पडली, मागून टँकर आला. त्या फलकावर पक्षाच्या नेत्यांचे फोटो होते. कापडच होतं ते. २०१८ मध्ये पुण्यात जुन्या बाजाराच्या चौकात होर्डिंगचा सांगाडा सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर कोसळला, चार गेले. २०२३ मध्ये पुण्याजवळ किवळ्याला पावसापासून आडोशाला थांबलेले पाच गेले. २०२४ च्या १३ मेला घाटकोपरला सतरा. ते तुमचे फ्लेक्स नव्हते, जाहिरातवाल्यांचे लोखंड होते, मान्य. पण घाटकोपरचं ते होर्डिंग एकशेवीस बाय एकशेवीस फुटांचं होतं आणि मुंबईत मुभा आहे चाळीस बाय चाळीसची. म्हणजे नऊपट. बारा मजली इमारतीएवढी वस्तू, पेट्रोल पंपावर, महामार्गाच्या कडेला, आणि पडेपर्यंत ती जणू कुणालाच दिसली नव्हती! दिसलं नाही कसं रे? कुणाची परवानगी, कुणाची जागा, कुणाचा शेरा, कागद एकमेकांकडे ढकलण्यात दिवस गेले, आणि माणसं मात्र ढिगाऱ्याखाली होती. त्या माणसांच्या गाड्यांना नंबरप्लेट होत्या बरं का. परवानगीच्या कागदांना तेवढ्या नव्हत्या.

राग आला. पत्रात तुम्हाला अरे-तुरे झालं, क्षमस्व. पुढचं शांतपणे लिहितो.

एक कबूल करायला हवं की आमच्या पोरांना महाराष्ट्राचं राजकारण तुम्हीच शिकवलं. फ्लेक्सच्या वरच्या रांगेतले गोल फोटो बघायचे. २०२२ च्या जूनपर्यंत तिथे एक मांडणी होती. जून संपता संपता मधला गोल बदलला. २०२३ च्या जुलैत एक गोल वाढला, बाकीचे जरा बारीक होऊन सरकले. खाली तुम्ही तेच, हात तसेच, मजकूर तोच: 'निष्ठा हाच आमचा धर्म'. कोण कुठे अपात्र होतं हा प्रश्न वरपर्यंत गेला. २०२४ च्या १० जानेवारीला विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला आणि शिवसेनेच्या दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. इकडचेही पात्र, तिकडचेही पात्र. पक्षांतर बंदीचा कायदा आहे, पक्ष फुटलेला आहे, आणि दोषी कुणीच नाही. तो निकाल वाचून मला आमचे हवालदारसाहेबच आठवले.

आणि खरं सांगू, भाऊ? इथे मला तुमची थोडी दया यायला लागली.

कारण तुम्ही 'भावी' किती वर्षं होतात! आमच्या महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. पाच वर्षांच्या वर एक दिवसही नाही आणि मुदत संपण्याआधी निवडणूक, असं घटनेचं २४३-यू कलम सांगतं. प्रभागरचना तीनची की चारची, ओबीसी आरक्षणाचं काय, सुनावणी, पुढची तारीख, असं करत करत जवळजवळ चार वर्षं प्रशासकाने कारभार केला. नगरसेवक नाही, म्हणून पाण्याचं कुणाला विचारायचं तर कुणालाच नाही. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने दटावलं तेव्हा २०२६ च्या १५ जानेवारीला मतदान झालं. घटनेचा सिग्नल चार वर्षं तोडला, आणि एकालाही पाचशे रुपयांचं चलन आलं नाही. तुम्ही सिग्नल झाकता तो एक खांबावरचा. साहेबांच्या साहेबांनी झाकला तो केवढा!

या चार वर्षांत तुम्ही काय काय केलंत. हळदीकुंकू केलंत, पैठणी वाटल्या, अष्टविनायक यात्रेच्या बसेस काढल्या, दहावीच्या मुलांना सॅक दिल्या, दहीहंडीला नटी आणली. फ्लेक्सवरच्या तुमच्या दाढीत पांढरं दिसायला लागलं तेव्हा डिझाइनवाल्याने जुनाच फोटो लावायला सुरुवात केली, ते आमच्या लक्षात आलं होतं. संपर्क कार्यालयाशेजारचा गाळा तुम्ही विकलात, तेही कळलं. आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी पक्षाच्या उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाला मिळाला? साहेबांच्या मेहुण्याला. तो प्रभागात राहतसुद्धा नाही. त्या रात्री तुमच्या कार्यालयाचं शटर अर्धं खाली होतं आणि आत तुम्ही एकटेच बसला होतात, असं पानवाला सांगत होता. नऊ दिवसांनी तुम्ही त्याच मेहुण्याच्या प्रचारफेरीत पुढे होतात. घसा बसला होता तुमचा.

मग मागच्या महिन्यात साहेबांचा वाढदिवस आला आणि तुम्ही पुन्हा वीस बाय दहाचा फ्लेक्स लावलात. का, हे आता मला कळतं. साहेब ताफ्यातून जाताना काच खाली करून मोजतात म्हणे, कुणाचा केवढा, कुणाचा कुठे. लावला नाही तर 'हा नाराज आहे' अशी बातमी वर जाते. तुम्ही आमच्यासमोर कायदा मोडता ते रुबाबात, पण मोडायला लावणारा कुणी वेगळाच आहे, आणि तो फ्लेक्सवर सगळ्यात मोठा असूनही पोलिसांच्या कागदावर अज्ञातसुद्धा नसतो. त्याचा उल्लेखच नसतो. तुम्ही निदान 'इसम' तरी आहात.

म्हणून माझं चलन मी भरून टाकलंय, त्याचा विषय तुमच्याकडे काढत नाही. काम वेगळंच आहे.

तो फ्लेक्स बांधला त्या रात्री मी गच्चीत होतो. टेम्पोतून दोघं उतरले. एक खाली, दुसरा सिग्नलच्या खांबावर, वायर दातात धरलेली, पायात स्लीपर. वय सोळा-सतरा, त्याहून जास्त नाही. मी वरून ओरडलो, दिवा झाकतोयस बाळा. तो म्हणाला, "उद्या काढायचाच आहे काका, भाऊंनी सांगितलंय." त्याचा फोटो छत्तीस शुभेच्छुकांत मी शोधला, नाही सापडला. पुढच्या महिन्यात दहावी-बारावीच्या निकालांचे, मग आषाढीचे, मग मेहुण्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतील, आणि पाऊस तोंडावर आलाय. चौकातल्या औषधाच्या दुकानासमोरच्या खांबाला करंट उतरतो. मागच्या पावसाळ्यात तिथे म्हैस चिकटली होती. महापालिकेला कळवलंय, तक्रारीचं निराकरण झाल्याचा मेसेजही आलाय, म्हणजे झालेलं नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेव्हा फ्लेक्स लावायचाच असेल तर त्या खांबाला नको, आणि त्या पोराला लोखंडी शिडी तर अजिबात देऊ नका. त्याला काही झालं तर गुन्हा पुन्हा अज्ञात इसमावरच दाखल होईल, आणि त्याच्या आईला तुमचा नंबर पाठ असून उपयोग नाही.

आपला,
एक शुभेच्छुक (फोटो न छापलेला)